खुशालरावांची फोर बाय फोर

मी सरकारी रुग्णवाहिका चालवतो. वलगावच्या पुढे दर्यापूरकडे जाताना एक प्राथमिक आरोग्य केंद्र लागतं, तिथली. घर बडनेऱ्याला. नाव सरफराज. शिकलो मराठी शाळेत, घरी उर्दू बोलतो आणि रस्त्यावर समोरचा जी बोलेल ती भाषा. आठ वर्षांत पुष्कळ माणसं नेली. बरीचशी वाचली, काही नाही वाचली. त्यातल्या एका बाईचं मला सांगायचंय, पण त्याआधी खुशालरावांचं सांगावं लागेल.

आमच्या हद्दीत बोरटेक नावाचं गाव आहे. गावापर्यंत डांबरी सडक आहे, ती शाळेपाशी संपते. एका पुराच्या साली नाल्याकाठची चाळीसेक घरं उठून मागच्या उंचवट्यावर गेली. त्या वस्तीला सगळे टेकडा म्हणतात. शाळेपासून टेकड्यापर्यंत दोन किलोमीटर नुसती पांदण, म्हणजे शेतांच्या मधून गेलेली बैलगाडीची वाट. टेकड्यावरची घरं भाजीपाला आणि फुलं करतात. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, झेंडू. उन्हाळ्यात त्या वाटेनं काहीही जातं. पावसाळ्यात आमची काळी माती ओली झाली की टायरच्या नक्षीत जाऊन बसते, टायर गुळगुळीत होतो आणि चाक जागच्या जागी फिरत राहतं. माझी गाडी मागच्या दोन चाकांवर चालते. मागे पेशंट नसला की ती बाजू हलकी, मग तर ती चिखलात नाचतेच. म्हणून जून ते ऑक्टोबर मी शाळेपाशी उभा राहायचो आणि टेकड्यावरचा पेशंट माझ्यापर्यंत खुशालराव आणायचे.

खुशालराव टेकड्यावरचे मोठे शेतकरी, पंचावन्नच्या पुढचे. त्यांच्या वडिलांचं एकदा भर पावसात पोट फुगलं. चार माणसांनी बाजेवर घालून पांदणीतून आणलं. वाटेत पाय घसरून दोनदा बाज खाली पडली. म्हातारा वाचला, पण बापाला चिखलात पडलेलं पाहिलेलं खुशालरावांच्या मनातून गेलं नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी फोर बाय फोर आणली. चारही चाकांना इंजिनाचा जोर असलेली, उंच, जाड टायरची. सहा वर्षांत त्यांनी त्या गाडीतून चौदा माणसं माझ्या हवाली केली. साप चावलेली, अडलेली, तापानं फणफणलेली. कोणाकडून कधी काही घेतलं नाही. एका सव्वीस जानेवारीला गावानं त्यांना शाल-श्रीफळ दिलं तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

त्यांच्या गाडीचं काम माझे मामू करायचे. अब्दुल गफ्फार, बडनेऱ्याचे जुने मिस्त्री. एकदा मी तिथे बसलो असताना मामू गाडीखालून बाहेर आले आणि हात पुसत म्हणाले, "खुशालभाऊ, सच बोलू? सालातले साडेतीनशे दिवस तुमी हे वजन फुकट वागवून राहिले. पुढच्या चाकाचा वेगळा शाफ्ट, वेगळा डिफरन्शिअल. डिझेल जास्त पिते, काम जास्त काढते. डांबरावर दोन चाकाची गाडी बरी. हलकी, साधी, गरीब गाईवानी."

"आन बाकीचे पंधरा दिवस?" खुशालरावांनी विचारलं.

"ते पंधरा दिवस चारच चाकं पाहिजेत. त्याले इलाज नाई."

"मंग त्या पंधरा दिवसासाठीच तं घेतली म्या."

मामू हसले. मग थोडं गंभीर होऊन म्हणाले, "बरोबर हाय. पन चार चाकं ओढतात म्हनून ब्रेक काई आठ होत नाईत. हे ध्यानात राहू द्या. फोर बाय फोरवाल्याले वाटते आपल्याले सारंच जमते."

परत जाताना खुशालरावांनी मला गाडीत घेतलं आणि मुद्दाम पांदणीपर्यंत नेलं. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. त्यांनी मोठ्या गिअरशेजारचा, चारही चाकांना जोर देणारा छोटा गिअर खाली ओढला, पाय ब्रेकवरून काढला आणि गाडी पायी चालल्यासारखी निघाली. माझी गाडी मागून ढकलते. ही पुढूनही ओढत होती. एक चाक घसरलं तर दुसरं धरायचं, ते सुटलं तर तिसरं. मला हेवा वाटला, हे कबूल करायला हरकत नाही.

"पाह्यलं?" खुशालराव म्हणाले. "तुमचं सरकार अशी गाडी देईन तवा देईन. तोवर मी हाव."

ते खरंच होते. आणि त्यामुळेच पुढचं झालं, असं आता वाटतं.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बोरटेकला मोनालीताई सरपंच झाल्या. तिशीची बाई, नवऱ्याचं खताचं दुकान, स्वतः बारावी शिकलेली. त्यांनी तालुक्याहून जुना नकाशा काढून आणला. नकाशात पांदण वीस फुटांची होती. जमिनीवर ती कुठे बारा, कुठे दहा राहिली होती, कारण दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या आपापला धुरा, म्हणजे शेताचा बांध, थोडाथोडा बाहेर सरकवला होता. सगळ्यांत अरुंद तुकडा खुशालरावांच्या शेताला लागून. तिथे जेमतेम आठ फूट. एका बाजूला खोल नाली, दुसऱ्या बाजूला खुशालरावांनी रोही म्हणजे नीलगाई आणि रानडुकरं यांच्या भीतीनं दगडी खांब पुरून तारेचं कुंपण केलेलं, आणि कुंपणाच्या आत दोन फुटांचा चर. धुरा त्यांच्या वडिलांनी सरकवला होता, कुंपण त्यांनी घातलं होतं.

ग्रामसभा शाळेत झाली. त्या दिवशी तिथेच लसीकरण होतं, म्हणून मीही खिडकीपाशी उभा होतो. मोनालीताईंनी नकाशा फळ्यावर लावला आणि सांगितलं की सगळ्यांनी आपापला धुरा मागे घेतला तर योजनेतून रस्ता मंजूर होतो, जागा मोकळी नसेल तर होत नाही.

खुशालराव खुर्चीत टेकून बसले होते. ते म्हणाले, "रस्ता रस्ता काहून करून राहिले तुमी? मी मेलो काय? फोन करा, दाहा मिनिटात गाडी उभी करतो."

लोक हसले. पण मोनालीताई हसल्या नाहीत. "भाऊ, गाडी चांगलीच हाय तुमची. पन गाडी येक हाय. रस्ता झाला तं सगळ्यायचा होते."

तेव्हा बायकांमधून पार्बताबाई उठल्या. टेकड्यावरच्याच, साठीला आलेल्या, नवऱ्याबरोबर दीड एकरात झेंडू करायच्या. मागल्या वर्षी त्यांच्या नातीला, खुशीला, तापात झटके आले होते आणि खुशालरावांनी तिला माझ्यापर्यंत आणलं होतं. पोरगी माझ्या गाडीत निळी पडली होती, तरी वाचली.

"मी अडाणी बाई," पार्बताबाई म्हणाल्या. "पन ज्या मानसानं माह्या खुशीले मरता मरता नेलं, त्याच्या धुऱ्याले हात लावायचा? मले नाई पटत."

यानंतर कोण बोलणार? तिथे बसलेल्या निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी त्या गाडीत बसलेलं होतं. मोनालीताईंनी फळ्यावरचा नकाशा काढला, घडी घातली. मीही बोललो नाही. त्या पांदणीनं मला किती वेळा अडवलं हे तिथे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? पण खुशालरावांसमोर तोंड उघडवलं नाही.

भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या आधी चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी ऊन पडलं. फुलांना मागणी होती म्हणून पार्बताबाईंचे यजमान नत्थुजी सकाळीच फुलांची पोती घेऊन अमरावतीच्या बाजारात गेले. खुशालराव घरच्यांना घेऊन अकोल्याला गेले होते, पुतणीच्या सोयरिकीला. पार्बताबाई दोन बायकांबरोबर फुलं तोडत होत्या. दुपारी दोनच्या सुमाराला झाडाच्या बुडाशी हात गेला आणि मनगटाला साप डसला. बायकांनी फणा पाहिला. नाग होता.

शेजारच्या देवरावनं पहिला फोन खुशालरावांना केला, मला नाही. सहा वर्षांची सवय होती. खुशालराव तेव्हा परतीला लागले होते. ते म्हणाले, "मूर्तिजापूर जवळ आलं. तिले चालवू नका, चिखलातून हलवू नका, झोपवून ठेवा. मी येऊनच राहिलो." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. साप चावलेल्या माणसाला चालवू नये हे आम्हीच गावोगाव सांगतो. मग देवरावनं मला फोन केला. मी अडीचच्या आत शाळेपाशी पोचलो.

तिथून मीही खुशालरावांना फोन लावला.

"सरफराज, तू आत घालू नको," ते ओरडून बोलत होते, मागून वाऱ्याचा आवाज येत होता. "तुही गाडी फसन. पाऊन तासात आलोच मी."

मी थांबलो. गाडीचं तोंड केंद्राकडे वळवून ठेवलं, मागचं दार उघडलं, ऑक्सिजनचा सिलिंडर पाहिला, केंद्रात फोन करून सापाच्या विषावरची लस तयार ठेवायला सांगितलं. मग बसून राहिलो. देवरावला मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की बाज उचला आणि निघा. चार माणसांनी पाळीपाळीनं आणली असती तर पाऊण तासात ती शाळेपाशी आली असती. मला ते सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण फोर बाय फोर येतेय म्हटल्यावर बाजेची गरज काय, असं वाटलं. त्यांनाही तेच वाटलं. सगळे त्या गाडीची वाट पाहत बसलो.

तीन वाजता देवरावचा पुन्हा फोन आला. आवाज बदलला होता.

"तिचे डोये मिटून राहिले. उघडा म्हनलं तं उघडत नाईत. बोलनं समजत नाई."

"बाजेवर टाका! आत्ता निघा!" मी म्हणालो. "मी समोरून येतो."

आणि मी गाडी आत घातली. का घातली, हे नंतर मला पुष्कळांनी विचारलं. बसवत नव्हतं, एवढंच खरं कारण. वाटलं, जितकं आत जाता येईल तितकं त्यांचं चालणं वाचेल. पहिला किलोमीटर मी वेग न सोडता, गिअर न बदलता काढला. दोन चाकांच्या गाडीला चिखलात तेवढंच जमतं, एकदा धरलेली चाल सोडायची नाही. मग खुशालरावांचं शेत आलं. कुंपण पाहून मी जरासा ब्रेक दाबला असेन. मागची बाजू सटकली, डावं चाक नालीत उतरलं आणि पुढचा कोपरा तारेत जाऊन अडकला. गाडी त्या आठ फुटांत आडवी बसली. रिव्हर्स टाकला. चाक फिरलं आणि आणखी खाली गेलं.

बाज यायला पंधरा-वीस मिनिटं लागली. सहा जण होते, गुडघ्यापर्यंत चिखल. मागचं दार नालीच्या काठाला टेकून बंद झालं होतं, म्हणून पार्बताबाईंना बाजूच्या दारानं आत घेतलं, ऑक्सिजन लावला. त्या शुद्धीवर होत्या, पण पापण्या उचलत नव्हत्या. तोंडातून लाळ येत होती. बाहेर माणसांनी खांदे लावून गाडी ढकलली. चाकाखाली फुलांची रिकामी पोती घातली. पोती मातीत गेली. मी उतरलो, पुन्हा चढलो, पुन्हा उतरलो. मी शाळेपाशीच थांबलो असतो तर एव्हाना बाज तिथे पोचत आली असती, आणि मी डांबरावर असतो. हे मला तिथेच, चिखलात उभं असताना कळलं.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. खुशालराव आले होते. सोयरिकीचे पांढरे कपडे अंगावर होते. चिखलातून गाडी अशी आली होती जशी डांबरावरून यावी. आणि माझ्या गाडीच्या दहा हात मागे येऊन उभी राहिली, कारण पुढे जायला वाटच नव्हती.

ते उतरले. आधी माझ्या गाडीकडे पाहिलं, मग कुंपणाकडे. धावत जाऊन त्यांनी डिकीतून पक्कड काढली आणि तारा कापायला लागले. दोन तारा कापल्या. मग थांबले. दगडी खांब तसेच होते आणि खांबांच्या पलीकडे त्यांनीच खोदलेला चर होता. ती गाडीही त्यातून गेली नसती. पक्कड त्यांच्या हातातच राहिली.

"भाऊ, माय जाते तिकडे!" देवराव ओरडला. "हातावर घ्या, तुमच्या गाडीत टाका!"

तारा कापल्यावर माझी गाडी आणि कुंपण यांच्यामध्ये एक हात जागा झाली होती. बाज त्यातून जात नव्हती. चादरीची झोळी करून, पार्बताबाईंना खांद्याच्या वर उचलून आम्ही त्यांना तिथून काढलं. तारेनं देवरावची पाठ फाटली. खुशालरावांच्या गाडीत मागच्या सीटवर त्यांना ठेवलं, मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो, सिलिंडर पायाशी. गाडी वळवायला जागा नव्हती. खुशालरावांनी मान मागे वळवून तो सगळा किलोमीटर रिव्हर्समध्ये काढला. गाडीनं कुठेही दगा दिला नाही. चारही चाकांनी आपलं काम केलं. पण पाठमोरी गाडी, चिखलात, किती जोरात जाणार?

डांबरावर आल्यावर त्यांनी गाडी अशी हाकली की मला दार घट्ट धरावं लागलं. केंद्र तीन-चार किलोमीटर राहिलं असताना पार्बताबाईंचा श्वास तुटक झाला. त्यांचा हात माझ्या हातात होता. त्यांनी बोटं एकदा दाबली, मग ती सैल पडली. मी छाती दाबत राहिलो, तोंडावर मास्क धरून राहिलो. केंद्रात डॉक्टरांनी पुष्कळ केलं. चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी हात थांबवले.

बाहेर येऊन डॉक्टर मला हळू आवाजात म्हणाले, "अर्धा तास आधी मिळाल्या असत्या तर काहीतरी करता आलं असतं."

खुशालराव माझ्या मागेच उभे होते. त्यांनी ते ऐकलं. बाकावर बसले आणि चिखलानं भरलेले हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले. नत्थुजी अमरावतीहून आले तेव्हाही ते तसेच होते. नत्थुजी त्यांच्यासमोरून आत गेले.

माझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला. वाहन पक्क्या रस्त्यावरून का उतरवलं? मी खरं तेच लिहिलं. आधी थांबलो, ही एक चूक. मग उतरवलं, ही दुसरी. ताकीद मिळाली, नोकरी राहिली.

त्या आठवड्यात मामूंच्या दुकानात जाऊन बसलो. विचारलं, "मामू, माझ्याकडे फोर बाय फोर असती तर?"

मामूंनी हातातला पाना खाली ठेवला. "पोचला असता. झूठ काहेको बोलू? चिखलात दोनपेक्षा चार चांगली, हे कोणीही सांगेल." मग म्हणाले, "पण बेटा, फोर बाय फोर होतीच ना तिथे. होती, आणि अकोल्याला गेली होती. सोयरिकीला जाणं काही गुन्हा नाही. माणूस कुठेतरी जाणारच."

तिसऱ्या दिवशीचे विधी झाले त्याच सकाळी खुशालरावांनी कुंपण काढायला घेतलं. मला हे देवरावनं सांगितलं. मजूर लावले नव्हते, एकटेच पहार घेऊन खांब उपटत होते. नत्थुजी नदीवरून परत येताना तिथे आले. उभे राहिले.

"आता काढून काय करता?" त्यांनी विचारलं.

खुशालरावांनी मान वर केली नाही. "काय करू, थे तुमी सांगा. जे म्हनसान थे करतो."

नत्थुजी घराकडे निघून गेले. खुशालराव संध्याकाळपर्यंत खांब काढत होते. दुसऱ्या दिवशी देवराव आणि आणखी दोघे पहारी घेऊन आले. आठवडाभरात उभी तूर असलेला सहा फुटांचा पट्टा मोकळा झाला, चर बुजवला गेला. मोनालीताईंनी पुन्हा नकाशा काढला. मग समोरच्या बाजूच्या शेतकऱ्यांनीही धुरे मागे घेतले. सूर्यभान नावाचा एक जण अडून बसला. त्याच्यापायी तहसीलच्या चकरा झाल्या, मोजणी झाली, दोनदा भांडण झालं. त्याच्या शेतापाशी रस्ता अजूनही अरुंदच आहे, पण गाडी जाते. वैशाखात भराव पडला, त्यावर दगड, दगडावर मुरूम. डांबर नाही. मंजूर आहे म्हणतात.

खुशालरावांनी गाडी विकली नाही. लोकांना वाटलं होतं, विकतील. उलट त्यांनी देवरावला आणि मोनालीताईंना बसवून छोटा गिअर कसा टाकायचा, उतारावर पाय ब्रेकवर न ठेवता गाडी कशी सोडायची, हे शिकवलं. बाहेरगावी जायचं असलं की ते आता बसनं जातात आणि किल्ली देवरावच्या घरी ठेवतात. नाल्याला पूर आला की मुरुमाच्या रस्त्याचाही उपयोग नसतो, तेव्हा ती गाडी लागते. या सालात दोनदा लागली. पण ते स्वतः पूर्वीसारखे राहिले नाहीत. चारचौघांत बसत नाहीत. ग्रामसभेला येतात आणि दाराशी उभे राहतात.

यंदा आषाढात मी पहिल्यांदा भर पावसात माझी गाडी घेऊन टेकड्यावर गेलो. एक बाळंतीण होती. मुरूम ओला होता, पण चाकं धरत होती. दोन चाकं पुरली. बाईला घरच्या उंबऱ्यापासून उचललं. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.

चार दिवसांनी तिला तपासणीसाठी केंद्रात आणायला परत गेलो तेव्हा नत्थुजी हात दाखवून रस्त्यात उभे होते. त्यांना ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणायच्या होत्या. पुढे माझ्या शेजारी बसवलं. ते सबंध रस्ता खिडकीबाहेर पाहत होते. मागे बाळंतीण आणि तिची सासू बाळाशी बोलत होत्या. खुशालरावांचं शेत गेलं, शाळा आली, डांबर लागलं. मग त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारलं,

"त्या दिवशी थे तुह्यापाशी होती ना?"

"हो काका."

"काई बोलली काय?"

वर्षभरात त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. माझ्या मनात दोन-तीन वाक्यं येऊन गेली, जी ऐकून त्यांना बरं वाटलं असतं. तुमचं नाव घेतलं, खुशीचं नाव घेतलं, असं काहीतरी. पण माझ्या तोंडून ते निघालं नाही.

"नाही काका. बोलता येत नव्हतं त्यांना. जीभ जड झाली होती. शेवटी माझा हात दाबला एकदा. बस."

नत्थुजी पुन्हा खिडकीबाहेर पाहायला लागले. मला वाटलं, मी चुकलो.

"बरं केलं खरं सांगतलं," ते म्हणाले. "देवराव सांगते, खुशीले सांभाळा म्हने. खुशालभाऊच्या घरचे सांगतात, कोनावर राग धरू नका म्हने. ज्याच्या मनात जे, थे तिच्या तोंडी टाकून राहिले." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "हात दाबला ना? मंग होती शुद्धीवर."

"होत्या, काका."

"एकटी नव्हती म्हनजे."

"नव्हत्या."

त्यांनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच गालावरून गेलं. केंद्र आल्यावर मी उतरून त्यांच्या बाजूचं दार उघडलं. त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, सावकाश खाली उतरले आणि गोळ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले.